दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं, तीन दुकानं, तीन भाव. हे काय गौडबंगाल आहे?

परळ_टीटी
मंडळी, एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आई दरवर्षी धनत्रयोदशीला पूजेत ठेवायला चांदीचं एक नाणं घेते, दहा ग्रॅमचं, बाबा होते तेव्हापासूनची पद्धत. यंदा (२०२५) म्हटलं आयत्या वेळी गर्दीत चेंगरायला नको, दसरा झालाय, आत्ताच घेऊन टाकू, म्हणून शनिवारी निघालो. आधी दादरला रानडे रोडवर आमचे नेहमीचे सराफ, त्यांनी १७५० सांगितले. तिथेच थांबायला हवं होतं पण समोर एक मोठं शोरूम दिसलं, आत गेलो, तर तेवढंच दहा ग्रॅमचं नाणं प्लास्टिकच्या सीलबंद कार्डात, किंमत २०१०. मग डोकं फिरलं आणि तसाच ट्रेन पकडून मशीद बंदरला उतरून चालत झवेरी बाजारात गेलो, तिकडे एका होलसेलवाल्याने १६३० सांगितले, सगळं धरून. तिन्हींवर ९९९ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) छापलेलं, तिन्हींवर लक्ष्मी, तिन्ही वजनात दहा. त्या दिवशी भाव ग्रॅमला १५० होता, जीएसटी वेगळा, म्हणजे चांदी सगळ्यांत १५०० चीच. मग वरचे ५१० रुपये कसले? एसीचे?

(शेवटी काहीच न घेता घरी आलो आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.)

खवचट_खोडकर
एसीचे १००, सोफ्याचे १००, "सर पाणी घेणार का" चे २००. उरलेले त्या मुलीच्या स्माईलचे.

टंचमास्तर
वडिलांची हयात झवेरी बाजारात गेली, मीही बारावीनंतर पाच वर्षं काकांच्या पेढीवर बसलोय, त्यामुळे सांगतो. गौडबंगाल काही नाही, तुम्ही उलटा हिशोब करा. झवेरी बाजारवाल्याने १५०० चांदी अधिक ८० मजुरी, १५८० वर ३ टक्के जीएसटी, झाले १६२७. सराफाने मजुरी २०० लावली, १७०० वर ३ टक्के, १७५१. शोरूमने ४५०, म्हणजे १९५० वर ३ टक्के, २००८ आणि काही पैसे. जीएसटी फक्त चांदीवर नाही, मजुरी धरून अख्ख्या रकमेवर लागतो हे लोक विसरतात, म्हणजे मजुरी जास्त तर टॅक्सही जास्त.

आता मजुरी वेगळी का, तर होलसेलवाला डाय (ठसा) एकदा बनवून हजारोंनी नाणी पाडतो, प्लास्टिकच्या डबीत घालतो, विषय संपला. सराफ तेच नाणं बहुतेक वेळा त्याच्याकडूनच आणतो आणि वर आपलं भाडं, नोकर, दिवाळीची लायटिंग काढतो. सीलबंद कार्डवाल्यात शुद्धतेचं प्रमाणपत्र, नंबर, पॅकिंग, जाहिरात सगळं आलं.

आणि नाणं जितकं छोटं तितकी मजुरी टोचते. दोन ग्रॅमच्या नाण्याला चांदी ३०० ची, मजुरी ६० धरली तरी २० टक्के. पन्नास ग्रॅमला चांदी ७५०० ची, मजुरी ३०० जरी घेतली तरी ४ टक्के. ठोकायला मेहनत जवळपास तेवढीच हो, प्रेस एकदाच खाली येतो. ऑफिसमध्ये दिवाळीला दोन ग्रॅमची नाणी वाटतात ना, चांदीच्या हिशोबाने त्याच्याएवढी महाग चांदी दुसरी नाही.

परळ_टीटी
टंचमास्तर धन्यवाद, आकडे तंतोतंत बसले की! म्हणजे मी खरंच मूर्खासारखा शोरूममध्ये गेलो होतो.

आकडेमोड
मूर्खासारखं नाही, पण तुम्ही ज्याला "भाव" म्हणताय तो नाण्याचा भावच नाही हे आधी डोक्यात घ्या. लंडनला रोज दुपारी बारा वाजता चांदीचा लिलावातून एक भाव ठरतो, आणि तो ज्या विटेसाठी असतो ती साधारण १००० ट्रॉय औंसाची असते, म्हणजे तीस किलोच्या वर. आपल्याकडे एमसीएक्सवरचा (वायदे बाजारातला) मोठा सौदा पण ३० किलोचा. ती वीट कापून, वितळवून, पत्रा लाटून, त्यातून चकत्या पाडून त्यावर लक्ष्मी उमटवायची तर पैसे लागणारच. मंडईतल्या गोणीच्या भावाने तुम्हाला कोपऱ्यावरचा भाजीवाला पावशेर कांदे देतो का, तसंच.

अजून एक. लंडनच्या आणि मुंबईच्या भावात पण फरक असतो. समजा ४७ डॉलर औंस, डॉलर ८८ रुपये, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, भागाकार केला की ग्रॅमला १३३ येतात. त्यावर ६ टक्के आयात शुल्क (जुलै २०२४ च्या बजेटमध्ये १५ वरून ६ वर आणलं) म्हणजे १४१. तुम्हाला १५० सांगितले म्हणजे उरलेला फरक इथल्या मागणीचा आणि दुकानदाराचा. सणाच्या तोंडावर माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की हा फरक फुगतो.

गिरगावची_सुमी
मला शोरूमवाल्यांची बाजू घ्यायची नाहीये, पण स्वस्तातल्या नाण्याचा माझा अनुभव ऐका. चार वर्षांपूर्वी भाचीच्या बारशाला म्हणून एका छोट्या दुकानातून (नाव नाही लिहीत, आता ते दुकान तिथे नाहीही) वीस ग्रॅमचं नाणं घेतलं. ९९९ लिहिलेलं, डबी मखमली, बिल मागितलं तर "ताई बिलाचे तीन टक्के वाढतील" म्हणून कच्ची चिठ्ठी दिली, मीही हो म्हटलं, चूक माझीच. मागच्या वर्षी वहिनीने ते मोडायला नेलं तर मशीनवर टंच आला ८० च्या आसपास. म्हणजे वीस ग्रॅममध्ये चांदी सोळा. एवढा अपमान झाला माझा सासरच्यांसमोर, भाचीचं नाणं आत्याने खोटं दिलं म्हणून. तेव्हापासून मी पाच पैसे जास्त देते पण पक्कं बिल आणि सील असलेलंच घेते.

टंचमास्तर
सुमीताई, हे फार होतं. नाण्यावर ९९९ कोरायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. सोन्याचं हॉलमार्किंग बंधनकारक आहे, चांदीचं अजून ऐच्छिकच, १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीला पण सहा अक्षरी एचयूआयडी नंबर (प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक) सुरू झालाय, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर टाकून तपासता येतो. त्यामुळे हॉलमार्कवाला माल मिळत असेल तर मागा. आणि "जर्मन सिल्वर" वर फसू नका, त्यात तांबं, निकेल, जस्त, चांदीचा अंश पण नाही. नावात सिल्वर आहे एवढंच.

खवचट_खोडकर
जसं आमच्या सोसायटीच्या नावात "सी व्ह्यू" आहे. समोर नाला.

नाणेवेडा
उशिरा आलो धाग्यावर, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांबण लावणार, आधीच माफी. तुम्ही सगळे पूजेच्या नाण्यांवर बोलताय, ती खरं तर नाणी नाहीतच, त्यांना मेडल म्हणा, चकती म्हणा, त्यावर कुठल्या सरकारने किंमत छापलेली नाही. खरी बुलियन कॉइन्स (सरकारी टाकसाळीने गुंतवणुकीसाठी काढलेली) म्हणजे अमेरिकेचा सिल्वर ईगल (१९८६ पासून, दर्शनी किंमत १ डॉलर), कॅनडाचं मेपल लीफ (१९८८, ५ डॉलर), ब्रिटनचं ब्रिटानिया, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक (चांदीत २००८ पासून, दीड युरो). ह्या सगळ्यांत चांदी एक ट्रॉय औंस, तरी अमेरिकेत वा युरोपात दुकानात गेलात तर किंमती वेगळ्या. आता चांदी तीच, वजन तेच, मजुरीही फार वेगळी नाही, मग का?

एक म्हणजे ईगलच्या मागे अमेरिकन सरकारची वजनाची आणि शुद्धतेची हमी आहे, आणि अमेरिकेत कुठल्याही गावात ते डोळे झाकून परत घेतात, त्यामुळे तिथे लोक त्याला जास्त द्यायला तयार असतात. तेच ईगल युरोपात नेलंत तर तेवढं कौतुक नाही, तिकडे फिलहार्मोनिक जास्त चालतं. ब्रिटानिया ब्रिटनमध्ये चलन मानलं जातं म्हणून तिथल्या माणसाला त्यावरच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, मग तो त्याला दोन पैसे जास्त देणारच. (घेताना मात्र चांदीवर २० टक्के व्हॅट भरतो बिचारा, सोन्याला तो नाही.) त्याच ब्रिटानियाची दुसरी गंमत, २०१२ पर्यंत त्यात ९५८ शुद्धतेची चांदी होती, २०१३ पासून ९९९ झाली, त्यामुळे जुनं नाणं वजनाला थोडं जास्त भरतं पण निव्वळ चांदी औंसभरच.

मेपल लीफ ९९९९ आहे म्हणून महाग असावं असं वाटतं ना? दहा ग्रॅममध्ये ९९९ आणि ९९९९ यांच्यातला फरक ०.००९ ग्रॅमचा, परळ_टीटींच्या भावाने दीड रुपयापेक्षा कमी. चौथ्या नऊसाठी कुणी शंभर रुपये जास्त मागितले तर तो नऊचा नाही, मार्केटिंगचा भाव समजा. उलट मेपलवर पांढरे डाग पडायचे, दुधाचे थेंब सुकल्यासारखे, त्यामुळे संग्राहक नाकं मुरडायचे, शेवटी टाकसाळीने २०१८ पासून त्यावर उपाय म्हणून नवी प्रक्रिया आणली.

चीनच्या पांडात तर वजनातच पाचर आहे. २०१५ पर्यंत एक औंस, २०१६ पासून ३० ग्रॅम. दिसायला सारखंच, पण एक ग्रॅमहून जास्त चांदी गायब, आणि तरी काही वर्षांचे पांडा औंसवाल्या ईगलपेक्षा महाग विकले जातात कारण त्यांचं डिझाइन बदलत राहतं, लोकांना अख्खी मालिका लावायची असते. संपूर्ण खेळ "किती निघाली" आणि "किती जणांना हवीत" ह्याचा. १९९६ चा ईगल घ्या, साधा बुलियन, पण त्या वर्षी छत्तीस लाखांच्या आसपासच निघाले, बाकीच्या वर्षांपेक्षा कमी, म्हणून तो शेजारच्या वर्षापेक्षा महाग. चांदी गुंजभरही जास्त नाही.

आकडेमोड
+१. नाणेवेडा, पण हे सगळं कौतुक झवेरी बाजारात शून्य ना?

नाणेवेडा
शून्य. माझ्या मेव्हण्याने न्यू जर्सीहून येताना दिलेला ईगल मी मुद्दाम एका ओळखीच्या चोक्सीला (सोन्या-चांदीची पारख करणाऱ्याला) दाखवला, त्याने उलटासुलटा करून बघितला, "बाई छान आहे" म्हणाला आणि काट्यावर टाकला. ३१.१ ग्रॅमचे चांदीच्या भावाने पैसे, त्यातही घट कापून. ज्या बाजारात ज्या नाण्याला ओळख नाही तिथे ते नुसतं धातू. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, इथे विकायचं असेल तर परदेशी नाण्याला प्रीमियम (चांदीच्या भावावरचे जादा पैसे) देऊ नका.

शिवडीचा_शिलेदार
मग आपल्या सरकारी टाकसाळीची नाणी? फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर टाकसाळ आहे तिथली? मी नवीन संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं बुक करून घेतलंय २०२३ चं, ३५ ग्रॅमचं चांदीचं, आता भाव वाढलाय तर बक्कळ झाले असतील.

नाणेवेडा
शिलेदार, बसून वाचा. ते ३५ ग्रॅम आहे बरोबर, पण त्यात चांदी ५० टक्के, बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. आपल्याकडची १००, १५० वगैरे रुपयांची बरीचशी स्मारक नाणी ह्याच मिश्रणाची, ४४ मिलीमीटरची. अलीकडे काही शुद्ध चांदीची पण काढलीयत, म्हणून प्रत्येकाचं राजपत्र वाचायचं. ही नाणी वजनासाठी घ्यायचीच नाहीत, घ्यायची तर संग्रहासाठी. त्यातही प्रूफ वेगळं, साधं अनसर्क्युलेटेड (न वापरलेलं) वेगळं. प्रूफ म्हणजे चकचकीत पॉलिश केलेल्या डायने एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेलं, आरशासारखं, हाताळायला पण हातमोजे. धातू तोच, किंमत वेगळी.

शिवडीचा_शिलेदार
साडेसतरा??? बायकोला सांगितलेलं ३५ आहे म्हणून. आता गप्प बसतो.

कोकणकन्या_डोंबिवली
आमच्याकडे आजीची राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे जुने रुपये) आहेत अकरा, गाठोड्यात. त्यांचं काय? एक जण म्हणतो तोळाभर शुद्ध चांदी आहे, एक जण म्हणतो लाखाला जातं एकेक.

टंचमास्तर
दोघेही चुकीचे. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा बरोबर (आत्ताचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे), पण चांदी ९१.७ टक्के, निव्वळ साधारण १०.७ ग्रॅम. आजच्या १५० ने १६०० रुपयांची चांदी. पण गाठोड्यात बांधून, हाताळून झिजलेले असतात, काट्यावर ११.४ पण भरतात कधी. आणि राजाछाप असतील तर साल बघा, १९४० पासूनच्या रुपयात चांदी ५० टक्क्यांवर आणली होती. दिसायला भाऊभाऊ, किंमत निम्मी. १९४७ चा तर निकेलचा.

नाणेवेडा
लाखाचं मनावर घेऊ नका ताई, व्हिक्टोरियाचे बहुतेक रुपये भरपूर निघालेत. पण मोडण्याआधी एकदा सालं वाचून इथे टाका (फोटो नको, गावभर होईल). १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ आहे, बराचसा वितळवला गेला. आणि १९११ चा पाचव्या जॉर्जचा असेल तर त्याच्या झग्यावरचा हत्ती बघा, तो लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून बोंब झाली आणि नाणी मागे घेतली. आता त्याच डुकरापायी संग्राहक जास्त देतात. आणि रामदरबार असलेलं "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" वगैरे असेल तर तो खेळण्यातला टोकन आहे, कंपनीने असलं कधीच काढलं नाही, ऑनलाइन लोक लाखात विकायला बसलेत.

कोकणकन्या_डोंबिवली
अकरापैकी सात १८६२, तीन १९०० च्या पुढचे बिनदाढीवाला राजा आणि दाढीवाला राजा, आणि एक हनुमान गदा घेऊन आहे. 😐

खवचट_खोडकर
हनुमानाला मोडू नका, पाप लागेल.

आकडेमोड
विषयाकडे येऊया. माझा मुद्दा असा की घेतानाचा भाव बघून रडण्यात अर्थ नाही, विकताना काय मिळतं ते बघा. २०१० चं कार्डवालं आणि १६३० चं साधं, दोन्ही विकायला गेलात तर सराफ चांदीचेच पैसे देणार ना? मग शोरूमवाल्याचा ४५० चा प्रीमियम तिथेच जळाला. बँकेतून नाणी घेणाऱ्यांचं तर अजून वाईट, बँक विकते पण परत घेत नाही.

गिरगावची_सुमी
असहमत. सील न फोडता तुम्ही त्याच कंपनीकडे वा त्यांच्या डीलरकडे नेलंत तर निदान टंचाचा वाद होत नाही. माझं ८० टंचाचं नाणं विसरलात? सोळा ग्रॅमचे पैसे वीस ग्रॅमच्या भावाने दिले मी. त्यापेक्षा ४५० बरे नव्हते का? सीलमध्ये विकायचा फायदा किती ते दुकानावर आहे, पण घेताना डोकं शांत राहतं, त्याचे पैसे देते मी.

आकडेमोड
हा मुद्दा मान्य. पण मग पूजेच्या नाण्याला सील ठेवणार का? आई सील फोडून हळदकुंकू वाहणार, मग शिक्कामोर्तब गेलंच.

गिरगावची_सुमी
😂 हो ते आहे. आमच्याकडे सासूबाईंनी कार्डावरच कुंकू लावलंय.

टंचमास्तर
ज्यांना घरी तपासायचंय त्यांच्यासाठी. लोहचुंबक चांदीला चिकटत नाही, पण तांब्याला किंवा शिशाला पण चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. पाण्यात टाकून आकारमान काढायचं, चांदीची घनता १०.४९, म्हणजे दहा ग्रॅम नाण्याने ०.९५ मिलीलीटर पाणी सरकायला हवं. छोट्या नाण्याला हे घरच्या मापाने जमत नाही, दहा नाणी एकदम टाकून बघा. दुकानातलं मशीन वरचा थरच वाचतं हे पण लक्षात ठेवा, जाड मुलामा असला तर फसतं, म्हणून जुने सराफ अजून कापून, कस लावून बघतात. सॉरी सुमीताई, भाचीच्या नाण्याला कापायचा सल्ला नाही देत आहे.

परळ_टीटी
धागा वर काढतोय, दिवाळी झाली म्हणून रिपोर्ट देतो. धनत्रयोदशीपर्यंत थांबलो हीच चूक. भाव चढत गेला तो गेलाच, सराफाकडे गेलो तर म्हणाले दहा ग्रॅमची संपली, वीस आहेत, पन्नास आहेत, भाव विचारू नका. माझ्या ऑफिसमधल्या एकाने म्युच्युअल फंडातून चांदी घ्यायला घेतली तर त्या फंडाने एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं, एवढी चांदीची टंचाई. मी शेवटी आईचं देवघरातलंच जुनं नाणं चिंचेने घासून दिलं, ती म्हणाली दरवर्षी नवीन कशाला हवं, हेच चालतं. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे तू विचारलं नाहीस.

आणि आता भाव परत खाली आलाय १५० च्या आसपास, तर बाबांनी बँकेतून घेतलेलं वीस ग्रॅमचं सीलबंद नाणं घेऊन आमच्या सराफांकडे गेलो. त्यांनी सील फोडलं (मी हो म्हटल्यावर), मशीनवर ठेवलं, ९९९ आलं, आणि ग्रॅमला १४२ सांगितले. म्हणजे २८४०. तेच नाणं समोरच्या काचेत ३३०० च्या वर लावलेलं. झवेरी बाजारातल्या होलसेलवाल्याला फोन केला, तो १४६ म्हणाला, वर "आणा तर खरं, मग बघू".

टंचमास्तर
"मग बघू" म्हणजे १४१.

परळ_टीटी
😂 नाही विकलं. बाबांचं आहे, मोडवेना. परत घरी आणलं, सील मात्र गेलं.

शिवडीचा_शिलेदार
त्या होलसेलवाल्याचं नाव सांगा ना, पुढच्या दिवाळीला वीस ग्रॅमची चार घ्यायचीयत. ह्या वेळी आधी काट्यावर ठेवणार, मग बायकोला सांगणार.

परळ_टीटी
व्यनि (खासगी निरोप) केलाय.